निलंबित झाला, वर्षात परत आला. मग काढत का नाहीत?

तुमचा प्रश्न असा: फेरफारासाठी (सातबाऱ्यावरच्या नोंदीतल्या बदलासाठी) पैसे मागणारा तलाठी सापळ्यात सापडला, निलंबित झाला आणि वर्षाच्या आत शेजारच्या सजात (तलाठ्याकडच्या गावांच्या गटात) हजर. सरकारी नोकराला काढताच येत नाही का?

येतं. पुण्यात आस्थापना शाखेत बरीच वर्षं विभागीय चौकशीच्या फायली हाताळल्या, म्हणून सांगतो.

निलंबन ही शिक्षा नव्हेच. ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की माणूस निलंबित मानला जातो. काम बंद, पण निर्वाह भत्ता चालू. पहिले तीन महिने साधारण अर्धा पगार. त्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन लांबवता येणार नाही. तुमचा तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं!) बहुधा त्यामुळेच परतला, निर्दोष ठरला म्हणून नव्हे.

राज्यघटनेच्या कलम ३११ चा लोकांनी उगाच बाऊ केलाय. नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने काढू नये आणि चौकशीत आरोप सांगून, बाजू ऐकून मगच काढावं, एवढंच ते म्हणतं. कोर्टात गुन्हा शाबीत झाला तर ही चौकशीही लागत नाही. महापालिकेच्या लोकांना तर हे कलम लागूच नाही.

घोडं अडतं चौकशीत. १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे दोषारोपपत्राला साक्षीदारांची आणि कागदपत्रांची यादी जोडावी लागते. माझ्यासमोरच्या एका प्रकरणात मूळ रजिस्टरच सापडेना, झेरॉक्सवर भागवलं. सादरकर्ता अधिकारी (चौकशीत खात्याची बाजू मांडणारा) तीनदा बदलला. तक्रारदार साक्षीला फिरकलाच नाही, कारण तोवर त्याचं काम झालं होतं. शेवटी काय, एक वेतनवाढ रोखली. त्या माणसाला घटनेने नाही वाचवलं, आम्ही वाचवलं.

तेव्हा बोलावणं आलं तर साक्षीला जाच. चौकशीचे कागद माहिती अधिकारात मागाल तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारतील, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाचा दाखला देऊन. त्यापेक्षा तुमच्या अर्जाची फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस होती ते मागा. २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्याने साधी फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाही. सेवा अधिसूचित (सरकारने यादीत जाहीर केलेली) असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आणि हो, फेरफाराची नोंद झाली का तुमची? नसेल तर आधी ते अपील टाका, तलाठ्याचं नंतर बघू.