सापडलेल्या पिल्लाची जात आणि केस : वाचकांच्या प्रश्नांना पशुवैद्यकांची उत्तरे

प्रश्न : ऐन आषाढात पंचवटीतल्या भाजीबाजारामागे, भाजीच्या रिकाम्या क्रेटखाली भिजत बसलेले मांजराचे पिल्लू आम्ही घरी आणले. वजन 700 ग्रॅम भरले. केस भुरभुरीत व राखाडी-रुपेरी आहेत; फुंकर घातली की मुळाशी काळे दिसतात. शेपूट झुपकेदार आहे आणि पंजाच्या बोटांमध्येही केस आहेत. नाक चपटे नाही. त्याच्यासोबतचे तांबूस, आखूड केसांचे पिल्लू शेजाऱ्यांनी नेले. एका दुकानदाराने आमचे पिल्लू पाहून ‘हे डॉल फेस, म्हणजे नाक चपटे नसलेले पर्शियन आहे, ट्रिपल कोट’ असे सांगितले. सासूबाईंच्या मते मात्र ते साधे गावठी आहे. यातले खरे काय, आणि केस किती वाढतील?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : जातीपुरते बोलायचे तर सासूबाईंचे म्हणणे मान्य करावे लागेल, मात्र ‘साधे’ या शब्दाला माझी हरकत आहे, कारण या पिल्लाच्या अंगावरचे केस मुळीच साधे नाहीत.

मांजरांच्या बहुतेक जाती माणसाने गेल्या दीडशे वर्षांत, निवडक नर-माद्यांचा संयोग घडवून आणि त्यांच्या पिढ्यांची नोंद ठेवून तयार केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1871 साली मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि तेथून या नोंदींना आणि निकषांना महत्त्व येत गेले. म्हणून ज्या मांजराचे आई-बाप कागदोपत्री ठाऊक नाहीत, त्याला कोणत्याही जातीचे म्हणता येत नाही, मग ते दिसायला कसेही असो. पर्शियन मांजराचे नाक आखूड, डोके गोल व रुंद, कान लहान आणि पाय बुटके असतात. आपण दिलेल्या वर्णनात यातले काहीच नाही, लांब केस तेवढे आहेत.

लांब केसांसाठी पर्शियन बाप लागतोच असे नाही. केसाची वाढ कधी थांबवायची हे ठरवणारे एफजीएफ-5 नावाचे जनुक आहे. त्यातला बिघाड आई व बाप या दोघांकडूनही आला, तरच केस लांब वाढतात. एकाकडूनच आला तर मांजर आखूड केसांचेच दिसते, पण तो बिघाड पुढच्या पिढीला देऊ शकते. अशा दोन आखूड केसांच्या मांजरांची पिल्ले झाली, तर प्रत्येक पिल्लू लांब केसांचे निघण्याची शक्यता चारात एक असते. कित्येक पिढ्यांपूर्वी कोणाचे तरी पर्शियन घराबाहेर पडले असेल, नाही असे नाही. पण तेवढ्यावरून आजच्या पिल्लाला पर्शियन म्हणणे म्हणजे खापरपणजोबांच्या जमिनीवर कर्ज काढण्यासारखे आहे. तांबूस भावंडाचे कोडेही अवघड नाही. एकाच आई-बापाची पिल्लेही अशी वेगवेगळी निघतात. शिवाय माजावर आलेली भाटी एकाहून अधिक बोक्यांशी संग करते आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

‘ट्रिपल कोट’ हा विक्रीचा शब्द आहे. मांजराच्या अंगावर मुळातच तीन प्रकारचे केस असतात : वरचे लांब व राठ, मधले, आणि कातडीलगतची मऊ लव. बाजारात फिरणाऱ्या गावठी बोक्यालाही हे तिन्ही असतात, त्यामुळे या शब्दाने किंमत वाढते, माहिती वाढत नाही.

आता रंगाकडे वळू. आपण फुंकर घालून पाहिलेत, हे फार चांगले केलेत. केसाचे टोक गडद आणि मूळ पांढरे असते, तर तो ‘स्मोक’ नावाचा कायमचा रंग ठरला असता. आपल्या पिल्लाचे उलट आहे : टोके रुपेरी, मुळे काळी. गाभण असताना मांजरीला ताप, आजार, उपासमार किंवा मोठा ताण सोसावा लागला, तर गर्भातल्या पिल्लाच्या केसांत रंग नीट उतरत नाही असे मानले जाते. याला ‘फीव्हर कोट’ म्हणतात. नंतर उगवणारा केस मूळ रंगाचाच असतो. त्यामुळे येत्या काही महिन्यांत ही रुपेरी छटा झडून पिल्लू काळे होण्याची शक्यता अधिक आहे, म्हणून ‘चांदी’सारखे नाव ठेवण्याची घाई करू नये.

वय ठरवताना वजनापेक्षा दातांवर भर द्यावा, कारण उपाशी राहिलेल्या पिल्लाचे वजन फसवे असते. सुळ्यांच्या मागचे दुधाचे दात आले असतील, तर पिल्लू साधारण दीड महिना ओलांडलेले समजावे. पुढचे पक्के दात साडेतीन-चार महिन्यांचे होईपर्यंत येत नाहीत. या वयात सगळीच पिल्ले कापसाळलेली दिसतात, त्यामुळे केवळ अंगावरच्या फुगीर लवेवरून अंदाज बांधू नये; बोटांमधले केस आणि झुपकेदार शेपूट या खुणा अधिक भरवशाच्या आहेत. चौथ्या महिन्यापर्यंत चित्र स्पष्ट होईल, मात्र गळ्याभोवतीची आयाळ आणि मांड्यांवरचे केस पूर्ण भरायला दीड-दोन वर्षे लागू शकतात. नाशिकच्या थंडीत हे केस दाट होतील आणि उन्हाळ्याच्या तोंडाला मुबलक गळतील. त्यात काळजीचे कारण नाही.

काळजी घ्यायची ती गजकर्णाची. लांब केसांच्या पिल्लांत, विशेषतः पावसाळी दमटपणात, ही बुरशी केसांखाली लपून राहते आणि माणसांनाही लागते. कानाची कड, नाक व पंजे यांवरचे केस बाजूला सारून पाहावे. गोल, खपली धरलेला चट्टा दिसल्यास पशुवैद्यकाला दाखवावे आणि तोवर पिल्लाला मुलांच्या अंथरुणात घेऊ नये. स्टीलच्या फणीने विंचरण्याची सवय आत्तापासूनच लावावी, कारण काखेत आणि पोटाखाली एकदा गुंता झाला की तो ओढून निघत नाही.

जनुकीय चाचणी करावी का, असे पुढे कोणी सुचवेल. जातीसाठी तिचा उपयोग थोडाच, कारण अशा चाचण्या आपल्या मांजराची तुलना मुख्यतः परदेशी जातींच्या नमुन्यांशी करून फक्त साम्य सांगतात. पर्शियन मांजरांत आनुवंशिकतेने येणाऱ्या, मूत्रपिंडात गाठी करणाऱ्या विकारासाठी मात्र नेमकी चाचणी आहे. हे दूषित जनुक एका पालकाकडून आले तरी पुरते. वंशावळीचे पर्शियन विकत घेणाऱ्याने तिचा अहवाल अवश्य मागावा. आपल्या पिल्लासाठी ते पैसे लसीकरणाला व जंतांच्या औषधाला वापरावेत, आणि लसीच्या पुस्तिकेत जातीच्या रकान्यात ‘देशी, लांब केस’ असे लिहून घ्यावे.

प्रश्न : आमच्या वाड्यात जन्मलेले एक पिल्लू पूर्ण पांढरे होते. आता दोन महिन्यांत त्याचे कान, नाक आणि शेपूट काळपट झाली. ते सयामी आहे का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : सयामी जातीचे म्हणता येणार नाही, सयामी रंगाचे असू शकेल. या रंगामागचे जनुक शरीराच्या थंड भागांतच रंग तयार होऊ देते. आईच्या पोटात सर्वत्र ऊब असल्यामुळे पिल्लू पांढरे जन्मते आणि मग कान, नाक, पंजे, शेपूट असे थंड भाग काळे पडू लागतात. निफाडकडचा पारा उतरेल त्या दिवसांत अंगही थोडे गडद झाले तर आश्चर्य मानू नये. खात्रीसाठी डोळ्यांकडे पाहावे. लहानपणी सगळ्याच पिल्लांचे डोळे निळे असतात. चौथ्या महिन्यानंतरही ते निळेच राहिले तर रंग सयामी समजावा, पिवळे किंवा हिरवट झाले तर नाही.