बाँडवरची सही आणि सासरचं घर

प्रश्न: मी मडगावच्या खासगी इस्पितळात नर्स आहे, माहेर सावंतवाडी. दोन वर्षांच्या बाँडचे १४ महिने झाले. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात नर्सिंगची डॉक्टरेट (डीएनपी) करायची आहे. इस्पितळ म्हणतं, ३ लाख भरा, तोवर मूळ प्रमाणपत्रं मिळणार नाहीत. सही म्हणजे वचन. ख्रिस्ती असून ते मोडू का? कर्जासाठी नवरा घर गहाण ठेवायला तयार आहे. घर दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे.

उत्तर: ताई, आधी वचनाचं बोलते, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. तुम्ही लिहून दिलंय ते असं: दोन वर्षं नोकरी, नाहीतर भरपाई. मनाविरुद्ध नोकरी करायला कोर्ट कुणालाच लावत नाही. रीतसर नोटीस देऊन उरलेल्या १० महिन्यांची रास्त भरपाई भरलीत, तर शब्द पाळलाच की. मनाला बोचणी लावून घेऊ नका.

मात्र ‘बाँडला काही अर्थ नसतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात असा बाँड उचलून धरला. तरी करार कायद्याच्या कलम ७४ नुसार ३ लाख ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली वसुली नव्हे. तुमच्या प्रशिक्षणावर नेमका किती खर्च केला, ते इस्पितळाला लेखी विचारा. प्रमाणपत्रं तर तुमचीच. ती ओलीस ठेवायचा त्यांना अधिकार नाही. पोच घेऊन मागणीपत्र द्या. १५ दिवसांत हालचाल झाली नाही, तर वकिलाची नोटीस पाठवा.

घराचं मात्र थांबा. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली मालमत्तेची कायदेशीर वाटणी, झालेली नसेल, तर एकट्या नवऱ्याला ते गहाण ठेवता येणार नाही. गोव्याच्या कायद्याप्रमाणे सासूबाई, दीर, नणंदा आणि त्यांचे जोडीदार, सगळ्यांच्या सह्या लागतील. इतक्या जणांचं छप्पर तुमच्या एका पदवीसाठी टांगणीला लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्यात ही पदवी संशोधनाची पीएचडी नव्हे, रुग्णसेवेची आहे. बीएस्सीनंतर शेकडो तास प्रत्यक्ष काम त्यात करावं लागतं, आणि रुग्णाला हात लावायला तिथला नर्सिंग परवाना हवा. तो एनसीएलईएक्स या नर्सच्या परवाना परीक्षेशिवाय मिळत नाही. तेव्हा परीक्षा आधी, राजीनामा नंतर. परत येऊन गोव्यात स्वतःच्या सहीने औषधं लिहून देता येतील, असंही धरून चालू नका.

काही ख्रिस्ती विद्यापीठं प्रवेशाच्या वेळी श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे त्यांच्या पंथाच्या श्रद्धा मान्य असल्याच्या कागदावर, सही घेतात. तुम्ही कॅथलिक असाल आणि विद्यापीठ दुसऱ्या पंथाचं असेल, तर ते ओळ न् ओळ वाचा आणि पटलं तरच सही करा.