मधुमेह नाही, तरी वजनासाठी ते इंजेक्शन घ्यावे का?

‘मला मधुमेह नाही, पण वजन कमी करायचे आहे, मधुमेहाचे ते आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन मी घेतले तर काय बिघडेल?’ हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण विचारतात आणि अनेकदा तो विचारण्याआधीच पहिला डोस घेऊन झालेला असतो. औषध घ्यावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही, तो डॉक्टरांचा आहे. मात्र ते कोणाच्या बोलण्यावरून घेतले जात आहे आणि कोणापासून लपवले जात आहे, हे विचारणे माझे काम आहे. कारण हे औषध घातक ठरण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती ते चोरून घेतले जाते तेव्हा. एका तरुणीची हकिगत तिच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून येथे देत आहे.

ती अठ्ठावीस वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी. आली होती ती झोप लागत नाही आणि घरातल्यांवर विनाकारण चिडचिड होते, या तक्रारीसाठी. लग्न चार महिन्यांवर आले होते. साखरपुड्याच्या दिवशी होणाऱ्या सासूबाई सर्वांसमोर हसत म्हणाल्या होत्या, “तोपर्यंत जरा बारीक हो गं, फोटो जन्मभर राहतात.” त्या वाक्यात दुष्टपणा नव्हता, असे ती स्वतःच मला पुन्हा पुन्हा सांगत होती, पण नंतर लग्नातल्या ब्लाउजची मापे द्यायला गेली तेव्हा तिने शिवणाऱ्या काकूंना छातीचे आणि दंडाचे माप दोन-दोन इंच कमी लिहायला लावले. काकूंनी टेप पुन्हा धरून दाखवला, तरी ती ऐकेना. “मी तोवर त्या मापाची होईनच,” असे ती म्हणाली होती. हे ती मला सांगत असताना तिचा हात सारखा पोटावर जात होता आणि समोरच्या पाण्याच्या ग्लासातला एक घोटही तिला नकोसा झाला होता. बरे नाही का, असे मी विचारले, तेव्हा बराच वेळ गप्प राहून तिने सांगितले की ती आत्याचे इंजेक्शन घेते.

आत्या त्याच इमारतीत राहते. तिला अनेक वर्षांपासून मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी तिला सेमाग्लुटाइड हे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन सुरू केले होते. ते पेनसारख्या उपकरणातून टोचतात आणि त्या पेनमध्ये एकाहून अधिक डोस असतात. एका आठवड्यात आत्या आणि पुढच्या आठवड्यात भाची, अशी वाटणी दोघींनी ठरवली होती. सुई प्रत्येक वेळी नवी लावतो, त्यामुळे काळजी नाही, अशी दोघींची समजूत होती. पेन आत्याच्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे असे, कारण भाचीच्या आईला यातले काहीच माहीत नव्हते. डोस किती घ्यायचा हे भाचीने मोबाइलवर व्हिडिओ पाहून, पेनचे बटण फिरवताना होणारे आवाज मोजून ठरवले होते.

मी तिला त्याच आठवड्यात एका मधुमेहतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी तिला जे समजावून सांगितले, त्यातले महत्त्वाचे येथे सांगायला हवे.

जेवल्यानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. सेमाग्लुटाइड त्याची नक्कल करते. त्यामुळे साखर वाढलेली असेल तेव्हा स्वादुपिंडातून इन्सुलिन अधिक येते, जठर सावकाश रिकामे होते आणि मेंदूतल्या भुकेच्या केंद्रापर्यंत पोट भरल्याचा निरोप पोहोचतो. मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठता हे दुष्परिणाम नेहमीचे आहेत आणि ते सोसवावेत म्हणूनच सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने करून डोस चार-चार आठवड्यांनी वाढवत नेतात. आत्या या पायऱ्या चढून वरच्या डोसवर आली होती. भाचीने मात्र अंदाजानेच टोचून घेतले होते. पित्ताशयातील खडे आणि स्वादुपिंडाचा दाह हे कमी आढळणारे, पण गंभीर धोके आहेत. पोटात सतत तीव्र वेदना होऊन ती पाठीकडे जात असेल, तर घरी थांबून चालत नाही. कुटुंबात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झालेला असेल, तर हे औषध देत नाहीत. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेलाच नव्हता, कारण विचारणारे कोणी मध्ये नव्हतेच.

पेन वाटून घेण्याविषयी डॉक्टर फार कठोरपणे बोलले आणि ते योग्यच होते. सुई बदलली तरी पहिल्या व्यक्तीच्या रक्ताचा सूक्ष्म अंश पेनमधल्या औषधात जाऊ शकतो आणि त्यातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्हीचा संसर्ग होण्याचा धोका राहतो. पेन एकाच व्यक्तीचे असते, मग ती व्यक्ती सख्खी आत्या का असेना.

तिची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६३ किलो होते, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, साधारण २४.६. भारतीयांसाठीच्या निकषांत तो २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्यामुळे चाचण्या, आहार आणि व्यायाम यांकडे लक्ष द्या, हा सल्ला तिच्यासाठी रास्त होता. परंतु वजनासाठीच्या या इंजेक्शनांना मान्यता आहे ती बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असेल तर, अथवा २७ किंवा त्याहून अधिक असून मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखा एखादा संबंधित आजार असेल तर. ती यांपैकी कशातच बसत नव्हती.

डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवले. त्यानंतर ती माझ्यासमोर बसून रडली आणि ते रडणे वजनासाठी नव्हते. कॉलेजात असताना ती दिवसचे दिवस लिंबूपाण्यावर काढत असे आणि मग एखाद्या रात्री सगळे झोपल्यावर डबे उघडून खात असे, हे तिने त्या दिवशी प्रथमच कोणाला तरी सांगितले. “मॅडम, या काही आठवड्यांत पहिल्यांदाच डोक्यातला खाण्याचा विचार बंद झाला होता,” ती म्हणाली. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. सगळे जण तिला ‘शॉर्टकट शोधणारी मुलगी’ म्हणून मोकळे झाले असते. पण तिला या औषधातून मिळाली होती ती मनाची शांतता, आणि ती कशातून मिळाली हे समजून न घेता केवळ पेन काढून घेणे म्हणजे तिला पुन्हा त्या डब्यांपाशी नेऊन सोडणे ठरले असते. तिच्या खाण्याच्या त्रासावर उपचार हवे होते, म्हणून मी मानसोपचारतज्ज्ञांनाही सोबत घेतले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करते. ज्यांना गरज आहे, त्यांनी या औषधाची लाज बाळगू नये. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ, मधुमेह आणि मोठा लठ्ठपणा असलेले, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेच इंजेक्शन घेतात आणि ‘वजन चालण्याने उतरले’ असे नातेवाइकांना सांगतात, कारण खरे सांगितले तर आपला आळस ठरेल, अशी त्यांना भीती वाटते. लठ्ठपणा हा आजार आहे आणि आजाराला औषध घेणे ही फसवणूक नव्हे.

आत्यांना मी वेगळे बोलावले. त्या रागाने आल्या आणि खुर्चीत बसताच म्हणाल्या, “पोरीने स्वतःच्या लग्नात हिरमुसलेल्या चेहऱ्याने उभे राहू नये, एवढेच मला वाटत होते.” त्यांचे प्रेम खरे होते. मी त्यांच्या स्वतःच्या साखरेविषयी विचारले, तेव्हा त्यांनी पर्समधून घडी घातलेला रिपोर्ट काढला. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर आधीपेक्षा वाढली होती. एक आठवडा सोडून डोस घेतल्यावर दुसरे काय होणार? डॉक्टरांना त्यांनी हे सांगितले नव्हते आणि डॉक्टर त्यांचा डोस आणखी वाढवण्याच्या विचारात होते. लपवाछपवीचे परिणाम एकाच व्यक्तीपुरते राहत नाहीत, हे मी अशा वेळी पाहते.

बाजारातला उत्साह मी नाकारत नाही. भारतात मार्च २०२५ मध्ये मौंजारो (टिर्झेपॅटाइड हे याच प्रकारचे दुसरे औषध), जूनमध्ये वेगोवी आणि डिसेंबरमध्ये ओझेम्पिक (ही दोन्ही सेमाग्लुटाइडची नावे) आले आणि तेव्हापासून लग्नघरांत, ऑफिसांत, जिममध्ये त्यांचीच चर्चा आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले, हेही खरे. पण त्याच चाचणीतील ज्या सहभागींची औषध थांबवल्यानंतर पाहणी झाली, त्यांचे उतरलेल्या वजनातले सुमारे दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आले होते. लग्नापुरते घेऊ आणि सोडून देऊ, हा हिशेब म्हणूनच चुकतो. शिवाय लग्नानंतर लवकर मूल हवे, अशी दोन्ही घरांची इच्छा होती. गर्भधारणेचा विचार असेल तर हे औषध किमान दोन महिने आधी थांबवावे लागते, हे त्या दोन्ही घरांत कोणालाच माहीत नव्हते.

पुढच्या भेटींत आम्ही वजनाविषयी थोडे आणि त्या साखरपुड्यातल्या वाक्याविषयी जास्त बोललो. त्यावर तिला काय म्हणायचे होते, हे तिने आधी कागदावर लिहिले, मग मोठ्याने म्हणून पाहिले. होणाऱ्या नवऱ्याला तिने इंजेक्शनचे सगळे सांगितले. तो आधी घाबरला, मग आईशी मी बोलतो म्हणाला. पण तिने त्याला थांबवले आणि सासूबाईंना स्वतःच सांगितले की माझ्या अंगावरून चारचौघांत बोललेले मला लागते. सासूबाईंनी उत्तर दिले नाही. तो अबोला काही दिवस टिकला आणि त्या दिवसांत ती माझ्याकडे दोनदा जास्त आली.

लग्न ठरलेल्या तारखेला झाले. ब्लाउजच्या शिवणीत काकूंनी न सांगता कापड राखून ठेवले होते, ते उसवून माप बरोबर केले. आत्यांनी आपल्या डॉक्टरांना खरे सांगितले आणि त्यांचे डोस आता दर आठवड्याला नियमित आहेत. तिचे उतरलेले थोडे वजन परत आले आहे, त्याचा तिला त्रास होतो आणि रात्रीच्या खाण्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे तिचे उपचार अजून चालू आहेत.