हात दाबून ॲलर्जी कळत नाही

प्रिय मैत्रिणी,

ऑटिझम असलेल्या मुलाची ॲलर्जी मुळापासून घालवतो, असं सांगणाऱ्या उपचाराला जावं का, हे तू विचारलंस. माझं उत्तर 'नको' असं आहे. पण का नको, ते नीट समजून घे. उद्या दुसऱ्या नावाने तेच समोर येईल.

तू वर्णन केलेली पद्धत 'नाएट'. देवी नंबुद्रिपाद यांनी ती १९८३ साली कॅलिफोर्नियात सुरू केली. मुलाच्या एका हातात काचेची कुपी देतात, दुसरा हात खाली दाबतात. हात लवला की कुपीतल्या पदार्थाची ॲलर्जी आहे असं धरतात. मूल हात धरू देत नसेल तर आईने मुलाला स्पर्श करायचा आणि हात आईचा दाबायचा. मग पाठीच्या कण्यालगत ठरावीक बिंदूंवर दाब देतात आणि २५ तास तो पदार्थ वर्ज्य. पदार्थ एकेक करून घेतात, त्यामुळे बैठकांची यादी लांबत जाते.

हात लवतो तो दाबणाऱ्यामुळे. कुपीत काय आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि जोर नकळत कमीजास्त होतो. शिवाय चौथ्या-पाचव्या खेपेला स्नायू थकलेला असतो. सारख्या दिसणाऱ्या दोन सीलबंद कुप्या, एकीत नुसतं पाणी, आणि कोणती कुठली हे फक्त तिसऱ्याच माणसाला माहीत, अशी दहा वेळा चाचणी करायला सांग. दहातली पाच उत्तरं नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात.

"पण इतर पालकांना फरक दिसला" असं तू लिहिलंस. दिसला असणारच, त्यात ते खोटं बोलत नाहीत. ऑटिझमवर औषध म्हणून दिलेल्या सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघ. ६० मुलं घेतली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना खारं पाणी. सुधारणा दोन्ही गटांत सारखीच दिसली. निकाल कळल्यावरही ६९ टक्के पालकांना ते औषध हवंच होतं. मुलाची झोप, चिडचिड, बोलणं यांत चढउतार होतच असतात. आपण उपचाराकडे वळतो ते सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा बहुतेक वेळा बरा जातो.

वेळ आणि पैसा वाया जातो हे नुकसान सोसता येतं. खरा धोका 'आता ॲलर्जी गेली, खाऊ घाला' या वाक्यात आहे. दूध, अंडं, शेंगदाणा यांची खरी ॲलर्जी असेल तर पहिल्याच घासाला जिवावर बेतू शकतं. न बोलणारं मूल 'घसा आवळतोय' असं सांगत नाही. ते जीभ ओढतं, तोंडात बोटं घालतं, त्याचा आवाज घोगरा होतो, अंगावर गांधी उठतात, लागोपाठ उलट्या होतात, एकदम मलूल पडतं. अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन (वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मुलांत एका वेळी एकूण जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम) आणि लगेच रुग्णालय. ते घरी ठेवायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेव.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडाच्या चाचणीची लांबलचक यादी हातात पडते आणि एकदम वीस पदार्थ बंद होतात. आयजीजी बहुतेक वेळा एवढंच सांगतं की मुलाने तो पदार्थ खाल्लेला आहे. आधीच चार-पाच चवींवर जगणाऱ्या मुलाचं त्यातलं दूधही गेलं की कॅल्शियम कुठून येणार?

ॲलर्जीचा संशय मात्र सोडू नकोस. नाक चोंदलं, त्वचा खाजत राहिली की रात्रीची झोप मोडते आणि दिवसाचं वागणं बिघडतं. ते बरं केलं की मूल शांत होतं. ऑटिझम तसाच राहतो, मुलाचा त्रास मात्र खरंच कमी होतो. दोन आठवडे रोज चार गोष्टी लिही: काय खाल्लं आणि किती वाजता, त्वचा व श्वास, शौच, झोपेचे तास. लक्षण किती मिनिटांनी आलं हे नक्की टिप. बद्धकोष्ठ, दात आणि कान आधी तपासून घे. डोकं आपटण्यामागे बरेचदा यातलंच काही निघतं.

ही वही घेऊन ॲलर्जीतज्ज्ञांकडे जा. त्वचेवरच्या टोचणी-चाचणीत तुलनेसाठी टोचलेल्या साध्या थेंबाच्या गांधीपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांधी आली तर ती सकारात्मक, पण तेवढ्याने ॲलर्जी ठरत नाही. खाल्ल्यावर खरंच काही होतं का, हे वहीशी ताडून पाहावं लागतं. शंका उरली तर रुग्णालयात देखरेखीखाली थोडंथोडं खाऊ घालून बघतात.

चाचणीआधी किती दिवस ॲलर्जीची गोळी बंद ठेवायची ते विचार. आठवडाभर आधीपासून बाहुलीच्या पाठीवर पेनाने ठिपके काढून खेळा, मग मुलाच्या पाठीवर. निकालासाठी साधारण १५ मिनिटं न खाजवता बसायचं असतं, तेवढा वेळ पुरेल असं त्याचं आवडतं काहीतरी बरोबर ने. जमलंच नाही तर रक्तातल्या आयजीईची (ॲलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडाची) चाचणी सांग. तिच्यासाठी गोळी बंद करावी लागत नाही, आणि सुई टोचायच्या तासभर आधी बधिर करणारं मलम लावता येतं.