वाचकांचे प्रश्न : पोहता येत नाही, तरी मालवणच्या पाण्यात उतरावे का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे कोल्हापूरहून मालवणला जाणार असून मुलाने सर्वांसाठी स्कूबा डायव्हिंग ठरवले आहे. माझे वय 52 आहे, मला पोहता येत नाही आणि बोट हमखास लागते. मी पाण्यात उतरावे का? त्याच दिवशी दुपारी आंबोलीमार्गे परतायचे आहे. पुढच्या खेपेस आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या पठारावर जाऊ, असे मुलगा म्हणतो. ते कितपत शक्य आहे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण कळवलेल्या अडचणींपैकी पोहता न येणे ही सर्वांत किरकोळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात नवख्यांना जेमतेम काही मीटर खोल नेतात आणि प्रशिक्षक पूर्ण वेळ आपल्याला धरून असतो. खरा प्रश्न कानांचा आहे आणि त्याविषयी आपण काहीच लिहिलेले नाही.

पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे 10 मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि हवेचे आकारमान निम्म्यावर येते. कानाच्या पडद्यामागची हवा अशीच आक्रसते, पडदा आत ओढला जातो आणि पहिल्या दोन-तीन मीटरांतच ठणका लागतो. त्यावर उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरून हलकेच हवा नाकाकडे ढकलली, की कानात ‘टक्’ असे होऊन ते मोकळे होतात. मात्र हे दुखू लागण्यापूर्वीच, दर अर्ध्या-एक मीटरला करायचे असते. सर्दी असेल तर कान मोकळे होत नाहीत. माझ्या पहिल्या खेपेस मी सर्दी लपवून उतरलो, कानात सुई टोचल्यासारखे होत असतानाही हट्टाने खाली गेलो आणि पुढचा आठवडाभर डाव्या कानाने मला जग कापसातून ऐकू येत होते. प्रकृतीची माहिती लिहून घेणारा अर्ज त्या दिवशी बोट धक्का सोडून निघाल्यावर माझ्या हातात आला, हेही सांगितले पाहिजे. आपण तो आदल्या दिवशीच मागून घ्यावा आणि दमा, हृदयविकार, फिट्स किंवा कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

बोट लागणाऱ्यांना त्रास होतो तो बोट चालत असताना कमी आणि नांगरून उभी असताना जास्त, कारण पाळीची वाट पाहत, इंजिनाच्या तेलाचा वास घेत डुलत बसावे लागते. तेव्हा पहिली पाळी मागून घ्या. पाण्याखाली गेल्यावर हे डुलणे बरेच कमी होते. सकाळची पहिली फेरी धरावी, कारण मतलई (जमिनीकडून येणारा) वारा असेपर्यंत समुद्र बहुधा शांत असतो आणि दुपारी खारा (समुद्रावरचा) वारा सुटला की लाटा वाढतात. उपाशी पोटी जाऊ नये, पण घावन आणि उसळीवर आडवा हातही मारू नये.

तारखेचा विचार मुलाने केलेला दिसत नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते, म्हणजे ऐन दिवाळीत उधाणाची भरती असते. तेव्हा प्रवाहाला ओढ असते आणि तळाचा गाळ ढवळला जाऊन पाणी गढूळ होते. भाऊबीज घरी करून अष्टमी-नवमीच्या सुमारास, भांगाच्या भरतीला, म्हणजे पाणी कमी चढते-उतरते तेव्हा, निघालात तर प्रवाळ आणि त्यांच्या फटींतून डोकावणारे मासे नीट दिसण्याची शक्यता अधिक. मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. छायाचित्रात मासे यावेत म्हणून कोणी पाव किंवा बिस्किटे टाकू लागले तर स्पष्ट नको म्हणा, आणि प्रवाळावर पाय टेकू नका.

खाली असताना एकच नियम कधीही मोडायचा नाही : श्वास रोखून धरायचा नाही. वर येताना फुप्फुसांतली हवा प्रसरण पावते आणि तिला वाट मिळाली नाही तर गंभीर इजा होते. उथळ पाण्यातही हे घडू शकते.

आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. पाण्याच्या दाबामुळे शरीरात अधिक नायट्रोजन विरघळलेला असताना उंचीवर जाणे टाळावे, असा संकेत आहे. विमानप्रवासासाठी एका साध्या डुबकीनंतर किमान 12 आणि अनेक डुबक्यांनंतर 18 तास थांबण्यास सांगतात. आपल्या उथळ डुबकीत धोका फारच कमी; तरीही मुलगा दोनदा उतरणार असेल, तर एक रात्र मालवणात काढून दुसऱ्या दिवशी घाट चढावा. सोलकढीसाठी तेवढे निमित्तही पुरेल.

आंग्रिया बँक मात्र इतक्यात नाही. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे बुडालेले पठार विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे 105 किलोमीटरवर, भर समुद्रात आहे आणि त्याचा माथाच जवळजवळ 20 मीटर खोल आहे. स्कूबा डायव्हिंगच्या प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा 18 मीटर असते. मुलाने आधी तारकर्लीला त्या प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम पूर्ण करावा, त्यापुढचे प्रशिक्षण घ्यावे आणि किनाऱ्याजवळ पुरेशा डुबक्या माराव्यात; तोवर आपल्यालाही कळेल, की रात्रभराचा बोटीचा प्रवास आपल्याला झेपतो की नाही.