अमेरिकेत डॉक्टर व्हायचंय तर कॉलेजला मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला घ्यावा?
तुमची लेक तिकडे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि 'प्रीमेड' मेजर शोधतेय असं लिहिलंय तुम्ही, तर बहुतेक ठिकाणी प्रीमेड हा मेजर नसतोच, तो फक्त एक ट्रॅक असतो, म्हणजे मेडिकलच्या तयारीसाठी करायचे ठरावीक विषय. आपल्याकडे बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस, तिकडे आधी चार वर्षांची डिग्री आणि मग चार वर्षं मेडिकल स्कूल. मेजर इतिहास घ्या नाहीतर म्युझिक, चालतं, फक्त बायोलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स हे लॅबसकट करावं लागतं, बायोकेमिस्ट्री पण बरीच मेडिकल कॉलेजं मागतात. एमकॅटमध्ये, म्हणजे तिकडच्या मेडिकल प्रवेश परीक्षेत, २०१५ पासून सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा सेक्शन आहे, तो भारतीय पोरं उगाच हलक्यात घेतात.

माझं मत विचाराल तर जिथे जीपीए (मार्कांची सरासरी) चांगला राहील तोच विषय घ्या, बायोइंजिनिअरिंग भारी दिसतं म्हणून घेऊन मार्क घालवू नका. अगदी पक्कं ठरलं असेल तर ब्राउन युनिव्हर्सिटीचा पीएलएमई प्रोग्राम बघा, डिग्री आणि मेडिकल मिळून आठ वर्षांची सीट एकदम मिळते, पण स्पर्धा भयंकर. आणि कॉलेज स्वस्तातलं बघा हो, स्टेट युनिव्हर्सिटी वगैरे, कारण खरा खर्च पुढे मेडिकलला आहे. ती सिटीझन किंवा ग्रीनकार्डवाली आहे का? स्टुडंट व्हिसावर असेल तर बरीच मेडिकल स्कूल्स अर्जच घेत नाहीत, ते आधी बघा.