कंटाळा आल्याने खरंच क्रिएटिव्हिटी आणि प्रॉडक्टिव्हिटी वाढते का? मी रोज अर्धा तास मोबाईल लांब ठेवून नुसता बसतो, पण काही सुचत नाही, झोपच येते. आणि ऑफिसच्या मीटिंगमधला कंटाळा यात धरायचा का?

अहो नुसतं बसल्यावर झोपच येणार की. कंटाळ्याचे फायदे आहेत, पण त्याबद्दल जे फॉरवर्ड फिरतात त्यात अर्धीच गोष्ट असते, म्हणजे कंटाळा आला की आपोआप आयडिया येतात वगैरे. तसं नसतं. डोक्यात आधीच एखादी गोष्ट अडकलेली असेल तर कंटाळा ती सोडवायला मदत करतो, रिकाम्या डोक्यात तो नवीन काही आणून टाकत नाही.

ज्या प्रयोगावरून हे सगळं सुरू झालं तो इंग्लंडमधल्या सेंट्रल लँकेशायर युनिव्हर्सिटीतला, सँडी मान आणि रिबेका कॅडमन यांनी 2014 मध्ये छापलेला. लोकांना पंधरा मिनिटं टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवून काढायला लावले आणि मग थर्माकोलच्या कपांचे काय काय उपयोग होतील ते सांगा म्हटलं, तर नंबर न उतरवता थेट उपयोग सांगायला बसलेल्यांपेक्षा या लोकांना जास्त सुचलं. पुढच्या प्रयोगात काहींना नंबर फक्त वाचायला दिले, आणि उतरवणाऱ्यांपेक्षा वाचणारे पुढे गेले, कारण लिहिताना निदान हात आणि लक्ष गुंततं, वाचताना मन कुठेही भटकायला मोकळं.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्या दोन वर्षं आधीच्या, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या प्रयोगात आहे आणि त्याबद्दल कोणी फार बोलत नाही. तिथे लोकांना आधी विटेसारख्या साध्या वस्तूंचे उपयोग विचारले, मग 12 मिनिटांचा ब्रेक. ब्रेकमध्ये एका गटाला अगदी सोपं, मेंदूला ताण नसलेलं काम, दुसऱ्याला अवघड काम, तिसऱ्याने नुसतं बसायचं आणि चौथ्याला ब्रेकच नाही. नंतर परत तेच प्रश्न विचारले तर सोपं काम करणाऱ्यांची उत्तरं साधारण 40 टक्क्यांनी सुधारली, नुसतं बसलेल्यांची नाही. आणि मधेच जे नवीन प्रश्न घातले होते त्यांत कुठल्याच गटाला फायदा झाला नाही! म्हणजे ज्यावर आधी डोकं आपटलंय तेच सुटतं, आणि तेही हात कशात तरी हलके गुंतलेले असताना.

मी गणिताचा शिक्षक आहे आणि आमच्याकडे या प्रयोगाची सरकारी आवृत्ती दरवर्षी मार्चमध्ये असते, बोर्डाचं सुपरव्हिजन. मोबाईल बाहेर जमा, वाचायचं नाही, बसायचं नाही, पुरवण्या वाटायच्या, सह्या करायच्या आणि बाकांच्या रांगांमधून फिरत राहायचं. मराठीचा पेपर म्हणजे तीन तास. (गणिताच्या दिवशी गणितवाल्यांना ब्लॉक, म्हणजे सुपरव्हिजनचा वर्ग, देत नाहीत, नाहीतर निदान प्रश्नपत्रिकेत तरी जीव रमला असता.) एका वर्षी डोक्यात हे घोळत होतं की 1 पासूनच्या विषम संख्यांची बेरीज कायम वर्गसंख्याच येते, पोरं सूत्र पाठ करून मार्क घेतात पण का येते विचारलं की सगळे खाली बघतात, आणि मलाही श्रेढीचं सूत्र मांडण्यापलीकडे काही दाखवता येत नव्हतं. फिरता फिरता नजर फरशीवर, आणि एकदम दिसलं, कोपऱ्यातली एक फरशी, तिच्या दोन बाजूंनी काटकोनात गुंडाळलेल्या तीन, झाला दोन बाय दोनचा चौकोन, त्याच्याभोवती पाच, झाला तीन बाय तीन, मग सात. हे पुस्तकांत शेकडो वर्षं आहे हो, मी काही शोध लावला नाही, पण वर्गात कसं दाखवायचं ते मला तिथे दिसलं. त्याच हॉलमध्ये बाकी पेपरांना मी तसाच फिरलो आणि पाय दुखण्यापलीकडे काही हाती लागलं नाही, कारण तेव्हा डोक्यात काही अडकलेलंच नव्हतं.

आता कोणीतरी मंडालेचं उदाहरण देईल, की टिळकांनी एकांतात गीतारहस्य लिहिलं. लिहिलं की, 1910-11 च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने, काही महिन्यांत. पण वडिलांच्या शेवटच्या आजारपणात, 1872 साली, त्यांना गीता वाचून दाखवली तेव्हापासून तो विषय त्यांच्या डोक्यात होता हे प्रस्तावनेत त्यांनीच लिहिलंय. तुरुंगाने वेळ दिला, प्रश्न जुनाच होता.

नुसतं बसणं तुम्हाला जड जातंय यात तुमचं काही चुकत नाहीये. 2014 च्या एका अमेरिकन प्रयोगात लोकांना पंधरा मिनिटं खोलीत एकटं बसवलं, सोबत फक्त शॉक देणारं बटण, आणि 18 पैकी 12 पुरुषांनी स्वतःलाच शॉक देऊन घेतला. बायका शहाण्या, 24 पैकी 6 च.

प्रॉडक्टिव्हिटीचं म्हणाल तर तिथे फायदा उलट्या बाजूने आहे असं मला वाटतं, म्हणजे कंटाळा सहन करता आला की दर पाच मिनिटांनी फोनकडे हात जात नाही आणि हातातलं काम पूर्ण होतं. कंटाळा घालवायला आपण रील्स सरकवतो, पण टोरांटो युनिव्हर्सिटीच्या 2024 च्या अभ्यासात दिसलं की व्हिडिओ सारखे बदलत राहणाऱ्यांना एकच व्हिडिओ सलग बघणाऱ्यांपेक्षा जास्त कंटाळा येतो. आगीत तेल, दुसरं काय.

तर तुमचा अर्धा तास बदला. आधी जे काम अडलंय त्यावर नीट मन लावून बसा, कागदावर खाडाखोड करा, अगदी वैताग येईपर्यंत. मग उठा आणि मेथी निवडा, भांडी घासा, इस्त्री करा, फक्त कानात इअरफोन नकोत, पॉडकास्ट पण नको. सुचलं तर लिहून ठेवा, नाही सुचलं तर भाजी तरी निवडून होईल. आणि झोप येत असेल तर सरळ झोपा, ती कंटाळ्याची नाही, जागरणाची आहे.

मीटिंगचा कंटाळा मात्र यात धरू नका. तिथे बॉस कधी नाव घेऊन "तुम्हाला काय वाटतं?" विचारेल सांगता येत नाही, त्यामुळे अर्धा कान तिकडेच ठेवावा लागतो आणि मन धड भटकतही नाही. अपवाद एकच, दीडशे माणसं असलेली ऑनलाइन मीटिंग, कॅमेरा बंद, माईक म्यूट. तिथे मेथी निवडून चालेल.